परदेशी नागरिक, डोंबिवली पूर्व

आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिफ्टचा विषय निघाला की भांडण ठरलेलं. तळमजल्यावरचे म्हणतात, आम्हाला लिफ्टचा काय उपयोग. वरचे म्हणतात, मग पाण्याच्या पंपाचा खर्च आमच्या माथी का. चहा गार होईपर्यंत हे चालतं. अशाच एका मीटिंगमध्ये सेक्रेटरी वैतागले आणि त्यांनी सरळ हात वर करायला सांगितले. दुसऱ्या मजल्यावर माझ्या समोरच्या दारात राहणारे काका कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत काठीवर हात ठेवून बसले होते. त्यांची फुप्फुसं पार कामातून गेलेली. दोन जिने चढायचे तर वाटेत टेकत टेकत यावं लागायचं. अख्ख्या बिल्डिंगमध्ये लिफ्टची गरज कोणाला असेल तर त्यांना. पण त्यांचा हात काही वर जाईना.

“काका, तुमचं काय?” सेक्रेटरींनी विचारलं.

“मला मत देता येणार नाही,” काका शांतपणे म्हणाले. “मी परदेशी नागरिक आहे.”

सगळे हसले. काका हसले नाहीत. लिफ्टचा ठराव अगदी थोडक्यात पडला आणि मीटिंग संपल्यावर परदेशी नागरिक कठड्याला धरून, टेकत टेकत वर गेले. मी मागून चालले होते. मला इतका राग आलेला की विचारूच नका.

हा परदेशी नागरिक जन्मला होता कोपरीत, ठाणे पूर्वेला, स्टेशनच्या अगदी पाठीमागे. ऐन तरुणपणी इंग्लंडला गेला, तिथे एका बस कंपनीत गाड्यांची वेळापत्रकं बनवायच्या खात्यात चिकटला, आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. मधे केव्हातरी तिकडचा पासपोर्ट घेतला. बायको गेली, मुलगा कॅनडात स्थायिक झाला, तेव्हा एका हिवाळ्यात काका बहिणीकडे म्हणून डोंबिवलीला आले. बहीण म्हणजे माझ्या समोरच्या ताई. काका आल्यावर वर्षभरात ताई गेल्या. भाचा बंगळुरूला असतो, तो म्हणाला, “मामा, राहा की तुम्हीच.” तोवर काकांची छाती इतकी बिघडली होती की डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नकार दिला. म्हणजे आले पाहुणे म्हणून आणि अडकले ते अडकलेच. ‘अडकले’ हा शब्द मी वापरला की त्यांना आवडायचा नाही. “मी थांबलोय,” असं ते म्हणायचे.

आता एकदा दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला की आपल्याकडचं नागरिकत्व जातं. मूळच्या इथल्या लोकांना कायम राहता येईल असं एक कार्ड मिळतं म्हणे, पण त्यासाठी आपण मूळचे इथले आहोत याचा पुरावा लागतो. काकांचा जुना पासपोर्ट, शाळेचा दाखला, सगळं तिकडे घरं बदलताना गहाळ झालेलं. त्यांची शाळाही आता नाही. त्यामुळे दरवर्षी व्हिसाची मुदत वाढवून घ्यायची, त्यासाठी ऑनलाइन अर्ज करायचा, आणि ठाण्याच्या ऑफिसने बोलावलं की अपॉइंटमेंटला हजर व्हायचं. माझं ऑफिस ठाण्यातच असल्यामुळे हे काम आपोआप माझ्याकडे आलं. घरचे मला काकांची वकील म्हणायचे.

इतकी वर्षं बाहेर राहिलेला माणूस किती इंग्रजी फाडेल, असं आम्हाला आधी वाटलं होतं. झालं उलटंच. काकांचं मराठी ते गेले त्या वर्षीच थांबलेलं होतं. आम्ही ‘बिल्डिंग’ म्हणायचो, ते ‘इमारत’ म्हणायचे. आम्ही ‘टेन्शन’ घ्यायचो, त्यांना ‘घोर’ लागायचा. भाजीवाल्याला त्यांनी एकदा “अहो गृहस्थ” अशी हाक मारली तेव्हा त्या बिचाऱ्यानं मागे वळून पाहिलं, आणखी कोण उभं आहे म्हणून. आणि प्रत्येक वाक्यात ‘तुमच्याकडे’. तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं? तुमच्याकडे हापूस अजून महागच आहे का? जन्म कोपरीतला, बोलणं पेठेतल्या मास्तरांचं आणि विचारणार काय, तर तुमच्याकडे दूध पिशवीतून का येतं!

वेळापत्रकाची खोड मात्र सुटली नव्हती. दार उघडं ठेवून व्हरांड्याकडे तोंड करून ते बसायचे आणि मी ऑफिसला निघाले की म्हणायचे, “आज तुझा कुकर उशिरा लागला. गाडी चुकणार.” चुकायचीच.

अपॉइंटमेंटच्या दिवशी ते तीन तुकड्यांचा सूट घालायचे. मे महिन्यात. कोट, जाकीट, टाय, वर पॉलिश केलेले बूट. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कपाळाला हात लावला.

“काका, उकाड्यानं जीव जाईल तुमचा. शर्ट-पँट पुरे की.”

“अगं, आपण त्यांच्याकडे राहायची परवानगी मागायला चाललोय. गबाळं जाऊन कसं चालेल?”

मग गाडी बोलवायची, एका हातात फायलींची पिशवी, दुसऱ्या हातात त्यांचा छोटा ऑक्सिजनचा सिलेंडर, आणि जिन्यावरून आमची वरात. प्रत्येक वळणावर ते थांबायचे. धाप लागली असं कधी म्हणायचे नाहीत. भिंतीकडे बघत उभे राहायचे आणि म्हणायचे, “इथे ओल येतेय. सेक्रेटरींना सांग.” त्यांच्या थांबण्यामुळे आमच्या जिन्यातल्या ओलीची जितकी नोंद झाली तितकी कुठल्या इंजिनिअरनं केली नसेल.

ऑफिसात ज्येष्ठांना आधी सोडतात. काका जायचे नाहीत. “माझ्या आधी आलेल्यांचं काय?” म्हणून आपला नंबर येईपर्यंत नाकाला नळी लावून ताठ बसून राहायचे. काम झालं की गाडी कोपरीवरून घ्यायला लावायचे. त्यांची चाळ होती तिथे आता उंच टॉवर आहे, खाली औषधांचं दुकान. गाडी थांबवून काच खाली करायचे आणि ड्रायव्हरला सांगायचे, “इथे नळ होता. इथे माझी आई उभी राहायची.” ड्रायव्हर “हां अंकल” म्हणायचा. मी विचारायची, उतरायचं का? ते मान हलवायचे. एका वर्षी ते काच वर करता करता म्हणाले, “इथल्या एकाही माणसाला मी इथला वाटणार नाही.” मी काहीतरी विषय बदलला. मला रडू येत होतं आणि त्यांना ते आवडलं नसतं.

मुलांना ते इंग्रजी शिकवायचे. क्लास वगैरे नाही. झालं असं की तळमजल्यावरच्या आजींचा नातू इंग्रजीत गटांगळ्या खात होता. आजी एकदा जिन्यात काकांना म्हणाल्या, “भावोजी, जरा बघा ना ह्याच्याकडे.” काकांनी बघितलं. महिनाभरात त्याच्या मागून आणखी चार-पाच पोरं आली, आणि संध्याकाळी समोरच्या घरातून एकसुरात वाचन ऐकू यायला लागलं. पैशाचं कोणी काढलं की काका दारच बंद करायचे. मग आयांनी डबे पाठवायला सुरुवात केली. आजी मूळच्या राजापूरकडच्या. त्यांच्याकडून वालाचं बिरडं, घावणे, कधी फणसाची भाजी.

डबा रिकामा परत करायचा नाही, हे काकांना त्यांच्या आईनं शिकवलेलं एवढं पक्कं लक्षात होतं. आपण चिमूटभर साखर घालून काम भागवतो. काका संत्र्याच्या सालींचा मुरंबा घालायचे. तिकडे म्हणे तो पावाला लावून खातात. स्वतः सालं चिरायचे, स्वतः शिजवायचे, आणि तो असा काही कडू व्हायचा की आमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येक फ्रिजमध्ये त्याची एक बाटली मागच्या बाजूला ढकललेली असायची. टाकून द्यायची कोणाची छाती नव्हती.

मग एका वर्षी अर्ज गेल्यावर चौकशीसाठी एक हवालदार आले. दरवर्षी यायचे, राहतात का इथे, एवढं विचारून जायचे. काका दवाखान्यात गेले होते, मी ऑफिसात. आजी खाली दारात तांदूळ निवडत बसलेल्या. हवालदारांनी त्यांनाच विचारलं. पुढचं सगळं मला आजींनीच नंतर सांगितलं, तेव्हा त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं.

काकांचं भलं व्हावं म्हणून आजींनी स्तुतीचा पाट सोडला. देवमाणूस आहे, आमच्या सगळ्या पोरांना इंग्रजी शिकवतात, रोज संध्याकाळी पोरांनी घर भरलेलं असतं, माझा नातू त्यांच्यामुळे पास झाला. हवालदार लिहीत होते. मग त्यांनी सहज विचारलं, “आणि फी?”

आता, आमच्या आजींनी आयुष्यात कोणाचं फुकट घेतलं नाही. शेजारून विरजण आणलं तरी संध्याकाळी वाटीभर ताक परत जाणार. परक्या माणसासमोर, तेही पोलिसासमोर, आम्ही फुकट शिकवून घेतो हे त्या कसं सांगतील? त्या ताठ बसल्या आणि म्हणाल्या, “मग! फुकट कोण घेईल हो? देतो की आम्ही सगळे. आम्ही कोणाचे मिंधे नाही.”

हवालदारांनी तेही लिहिलं.

काकांच्या व्हिसावर काम करायला परवानगी नव्हती. कमाई तर नाहीच नाही. पंधरवड्यात मेल आला. अर्जदार शिकवण्या चालवून मोबदला घेत असल्याचं चौकशीत आढळलं आहे, समक्ष येऊन खुलासा करावा, समाधान न झाल्यास मुदतवाढ मिळणार नाही आणि देश सोडावा लागेल. मी तो तीनदा वाचला आणि समोर गेले.

काकांनी चष्मा पुसून स्वतः वाचला. मग पोरांना निरोप पाठवला, उद्यापासून येऊ नका. आणि मला म्हणाले, “त्यांचं बरोबर आहे. नियम मोडला असेल तर मोडला.”

“काका, नियम कसला? तुम्ही पैसे घेतलेत का कोणाचे?”

त्यांनी चष्मा घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, “तिकडे माझं घर नाही आता. कोणी ओळखीचंही उरलं नाही. मुलाकडे जायचं तर तोही दुसराच देश, आणि विमानात बसलो तर मी पोहोचणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंय. मरायला माझी हरकत नाही गं. पण दोन देशांच्या मधे, पट्टा बांधलेल्या खुर्चीत नको.”

इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ही एवढीच गोष्ट. मी त्यांचा हात धरून बसले.

आजींना कळलं तेव्हा त्यांनी आधी स्वतःच्या तोंडात मारून घेतली आणि मग जाहीर केलं की मीही ठाण्याला येणार. मी म्हटलं, आजी, तुम्हाला बोलावलेलं नाही. त्या म्हणाल्या, “मला कोणी बोलवायला कशाला पाहिजे? घाण मी केली, मीच निस्तरते.” मग अपॉइंटमेंटच्या दिवशी गाडीत पुढे ड्रायव्हरशेजारी ठेवणीतल्या साडीत आजी, मागे सुटात काका, आणि मधे सिलेंडर घेऊन मी. काकांनी आजींना वाटेत एवढंच सांगितलं, “वहिनी, जे खरं आहे तेवढंच बोला.” आजी समोर बघत राहिल्या.

टेबलापलीकडे एक तरुण अधिकारी बाई होत्या. कामात चोख, चेहऱ्यावर काही दिसू न देणाऱ्या. त्यांनी काकांना विचारलं, “आजोबा, शिकवण्या घेता?”

“मुलांना शिकवत होतो. हो.”

मी डोळे मिटले. निदान ‘शिकवण्या नाही, अभ्यास बघतो’ म्हणायचं ना! पण काकांना तसलं वळण घेऊन बोलणं जमायचं नाही.

“मोबदला?”

काका उत्तर द्यायच्या आत आजी उठून उभ्या राहिल्या. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला.

“बाई, ह्यांना नका विचारू, मला विचारा. त्या हवालदाराला बोलले ती मी. जन्मात कोणाचं फुकट घेतलं नाही, म्हणून घेतलंय असं तोंडातून निघेना माझ्या. पण घेतलंय. माझ्या नातवाला शिकवलं ह्यांनी आणि मी एक रुपया दिला नाही. लिहा तसं. फुकट घेतलं लिहा. मी मिंधी आहे ह्यांची.”

आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं बघायला लागली. आजींच्या डोळ्यांत पाणी आलेलं, पण मान खाली गेली नव्हती. ज्या बाईनं वाटीभर विरजणाचं ओझं ठेवलं नाही, तिनं भर ऑफिसात हे बोलणं किती कठीण असेल, ते मला माहीत होतं. आणि नेमक्या त्याच वेळी काकांनी नाकाची नळी बाजूला केली.

“मॅडम, हे खरं नाही. ह्या दर गुरुवारी मला डबा पाठवतात. बाकीच्या घरांतूनही डबे येतात. मी ते खातो.”

त्या क्षणी माझ्या हातात सिलेंडर नसता तर मी काकांच्या तोंडावर हात ठेवला असता.

बाईंनी पेन थांबवलं. “डब्यात काय असतं?”

“वालाचं बिरडं. कधी घावणे.”

“आणि डबा?”

“परत करतो. रिकामा करत नाही, तशी पद्धत नाही. मुरंबा घालून देतो. मी केलेला.”

बाई आजींकडे वळल्या. “आजी, कसा असतो मुरंबा?”

आजींनी काकांकडे चोरून पाहिलं. खोटं बोलू नका म्हणून त्यांनीच बजावलेलं.

“कडू,” आजी म्हणाल्या.

“मग घेता कशाला?”

“आता काय सांगू! एवढा खोकत खोकत करतात. नाही म्हणून चालतंय?”

काकांनी एकदम आजींकडे पाहिलं. तो मुरंबा कडू आहे हे त्यांना कोणी कधी सांगितलं नव्हतं. बाईंनी ओठ आवळून धरले, तरी हसू डोळ्यांत आलंच. त्या म्हणाल्या, “आजोबा, याला मोबदला नाही म्हणत. याला काय म्हणतात ते मला लिहायला रकाना नाही.” मग पुन्हा कामाचा आवाज काढून त्यांनी सांगितलं की यापुढे शिकवणार नाही असं लिहून द्या, डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा, मी शिफारस करून वर पाठवते, निर्णय मेलवर कळेल. काकांनी जागच्या जागी सुंदर अक्षरात लिहून दिलं. निघताना काकांनी बाईंना वाकून नमस्कार केला, आणि सुटातल्या म्हाताऱ्याला वाकलेलं बघून त्या बाई खुर्चीतून उठल्या.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. कोपरी आली तसं काकांनी गाडी थांबवायला सांगितलंच नाही. खाडीचा पूल ओलांडल्यावर ते पुढे वाकून म्हणाले, “वहिनी, खरंच कडू होतो?” आजी म्हणाल्या, “साखर जरा वाढवा.”

निर्णय यायला वेळ लागला आणि त्या काळात काकांनी नवीनच हट्ट धरला. निकाल लागेपर्यंत कोणाचा डबा घ्यायचा नाही. प्रकरण विचाराधीन आहे म्हणे! मी समजावलं, रागावले, त्यांच्या मुलाला फोन करून सांगितलं. काही उपयोग नाही. काका पाव आणि दुधावर राहायला लागले, त्यांचा आवाज आणखी बारीक झाला. मग एका दुपारी बघते तर आजी कठड्याला धरून, एकेका पायरीवर “आई गं” म्हणत दुसऱ्या मजल्यावर येतायत, हातात पातेलं. त्या थेट काकांच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि दोन ताटं घेतली.

“भावोजी, हा डबा नाही. हे माझं जेवण आहे, मी इथे बसून जेवणार. एकटीनं जेवायची मला सवय नाही. बसा.”

यात काही नियम मोडतो का, याचा काकांनी विचार केलेला मी पाहिला. मग ते बसले. त्यानंतर रोज दुपारी आजी जिना चढायच्या. वळणावर थांबायच्या आणि त्याही भिंतीवरची ओल बघायच्या.

मेल आला तेव्हा मी ऑफिसातून नुकतीच घरी आले होते. मुदत वर्षभर वाढवून मिळाली होती. मी चपला न काढताच समोर धावले. आजी तिथेच होत्या, त्यांनी हात जोडले आणि देवापुढे साखर ठेवायला म्हणून निघाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या जिना इतक्या भरभर उतरल्या असतील. काका खाटेवर उशांना टेकून बसले होते. त्यांनी मला तारीख पुन्हा वाचायला लावली, आणि मग आणखी एकदा.

“छान झालं,” ते म्हणाले. “म्हणजे पुढच्या वर्षी तुला रजा काढायला नको.”

“काका, वर्षभराचीच आहे हो. पुढच्या वर्षी पुन्हा जायचंय ठाण्याला.”

“अगं, पुरेल मला.”

पानात भात वाढणारीला हात आडवा करून सांगावं, तसं ते म्हणाले. मी रागावले, म्हटलं, असलं काहीतरी बोलायचं नाही. ते हसले आणि म्हणाले, चहा टाक, तू दमून आली आहेस.

रजा मला काढावी लागलीच. दिवाळी होऊन गेल्यावर, मुदत संपायला कितीतरी अवकाश असताना. ठाण्याला जायचं नव्हतं. काका दुपारच्या झोपेतच गेले होते, आपल्या खाटेवर, दार उघडं ठेवून. कॅनडातल्या मुलाचा इकडे यायचा व्हिसा होऊन तो पोहोचेपर्यंत त्या घरात दिवा लावून कोणीतरी घरचं बसायला हवं होतं. आजी आणि मी बसलो.